सेनोबियासमोर कोण बसणार?

माझ्या नणंदेसमोर, सेनोबियासमोर, ताणा लावायला बसणारी बाई आमच्या गावात एकच उरली होती, आणि माझं दुर्दैव असं की ती मी होते.

ताणा, म्हणजे विणायच्या कापडाचे उभे धागे, एकटीला लावता येत नाही. अंगणात दोन टोकांना खुंट ठोकायचे, एकीने इकडे बसायचं, दुसरीने तिकडे, आणि लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकत राहायचं. तिने आपल्या खुंटाला धाग्याचा वळसा घालून ओढायचं आणि गुंडा माझ्याकडे. मी माझ्या खुंटाला वळसा घालून ओढायचं आणि गुंडा तिच्याकडे. दोघींची ओढ सारखी हवी, बाकी काही नाही. एकीची घट्ट आणि दुसरीची सैल झाली की कापड चुण्या घेऊनच उतरतं, मग नक्षी कितीही देखणी काढा. आज मी तुझ्याकडे आले, उद्या तू माझ्याकडे ये, असा हा व्यवहार. त्यामुळे आमच्याकडच्या बायका नवरा एक वेळ डोळे मिटून करतील, पण ताण्याची जोडीदारीण चार जणींना विचारून ठरवतात.

सेनोबियाने हा व्यवहार गावातल्या एकेकीशी मोडला. भिंतीपलीकडची हिलारिया एकदा तिच्यासमोर बसली होती. सेनोबियाने तिचा गुंडा तसाच परत फेकला आणि म्हणाली, "हा धागा ओढलायस की आजारी मेंढीची शेपूट धरलीयस?" हिलारिया उठून गेली ती गेलीच. देवळात दिवे लावणाऱ्याची बायको तर अंगणातून रडत बाहेर पडली. सेनोबियाची सख्खी बहीण लग्नानंतर खाली सिक्वानी शहरात राहायला गेली. लोक म्हणतात, नवऱ्याच्या कामासाठी गेली. मला खरं कारण माहीत आहे.

मला मात्र पळायला वाट नव्हती. माझा नवरा मेलितोन तिचा धाकटा भाऊ. मी रात्री कुरकुर केली की तो म्हणायचा, "आपलेच दात आणि आपलेच ओठ," आणि सकाळी अल्पाकांचा कळप घेऊन डोंगरावर निघून जायचा. दात आणि ओठ राहायचे अंगणात, समोरासमोर.

बाई वाईट नव्हती, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. तिचा नवरा फाबियान खाली जंगलात नदीतलं सोनं धुवायला गेला आणि तापाने तिकडेच गेला. त्यांची मुलगी विल्मा तेव्हा पाठीवरच्या गाठोड्यात होती. सेनोबियाने मागावर बसून पोर वाढवली. कुणाकडे मूठभर वाळवलेले बटाटेही मागितले नाहीत, आणि हे ती गावाला रोज ऐकवत आली. तिच्या आईचा चांदीचा तुपू, म्हणजे शाल अडकवायची लांब टाचणी, तिच्याकडे होता, चमच्याएवढ्या चपट्या डोक्याचा. बाकीच्या बायका तुपू सणाला काढतात, पुसतात, ठेवतात. ही त्याने उकडलेले बटाटे सोलायची, कुत्र्याला ढोसायची, कान कोरायची आणि ताणा लावताना माझी चूक दाखवायची.

"वन्सं, चांदी आहे ती," मी म्हणायचे.

"मग? चांदीला हात नाहीत लागत?"

एकदा सिक्वानीच्या बाजारात एका दुकानदाराने तिची शाल पसंत केली. पहाटे ट्रकच्या मागच्या बाजूला मेंढ्यांबरोबर उभं राहून आम्ही आलो होतो, माझे पाय गोठलेले. त्या माणसाने शाल घेतली आणि घडी घातली. सेनोबियाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "उलटी घडी घातलीत. ज्याला घडी घालता येत नाही त्याला मी विकत नाही." शाल आमच्याबरोबर परत आली, मेंढ्यांशिवाय. मी वाटभर एक शब्द बोलले नाही. तिला वाटलं, मला थंडी बाधली.

मग विल्माचं लग्न ठरलं.

मुलगा चांगला होता, पण त्याची आई सिमोना म्हणजे सेनोबियाचीच दुसरी आवृत्ती, फक्त वरच्या गावची. लग्नात नवरीच्या आईने विणलेली शाल मुलाच्या आईसमोर जमिनीवर पसरतात, आणि ती तळव्याने कापड चाचपते. त्या कापडात एक चुणी निघाली तरी सिमोनाने ती विल्माला जन्मभर चुलीपाशी ऐकवली असती. तुझ्या आईला कापड सरळ उतरवता येत नाही, तुला काय येणार? सेनोबियाला हे पुरतं ठाऊक होतं. त्या वर्षी तिने लोकर स्वतः निवडली, स्वतः कातली, आणि लाल रंग तीनदा केला, कारण पहिले दोन तिला "वाळलेल्या रक्तासारखे" वाटले. मला मात्र ते चांगले लाल दिसत होते.

ताणा लावायच्या दिवशी मी गेले तेव्हा विल्मा आईच्या छातीवर तुपू टोचून देत होती. मला जरा नवल वाटलं. ही बाई स्वतःचा तुपू दुसऱ्याच्या हाती कधी देत नाही. पण मी काही बोलले नाही, कारण तिच्याशी जितकं कमी बोलावं तितका दिवस बरा जातो.

आम्ही कोकाची पानं चघळली, थोडी मातीला वाहिली, खुंट ठोकले आणि बसलो. तिने गुंडा फेकला. मी झेलला, वळसा घातला आणि नेहमीसारखा ओढला. तिच्या बाजूचा धागा सैल होता.

आधी वाटलं, माझी परीक्षा घेतेय. दुसरा आला, तोही सैल. तिसराही. मी मान वर करून पाहिलं. तिचा उजवा हात थरथरत होता, आणि डाव्या हाताने तिने त्याचं मनगट पोटाशी दाबून धरलं होतं, जसं कोंबडीचं पिल्लू धरावं तसं. माझं लक्ष आहे असं दिसताच ती खेकसली, "काय बघतेस? धागा बघ!"

मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं या बाईने मला सैल, ढिली, आळशी म्हटलं, आणि आता हिचाच हात सुटला. क्षणभर मजा वाटली. मग विल्मा आठवली.

आता करायचं काय? मी नेहमीसारखी घट्ट ओढली असती तर एक धागा घट्ट, एक सैल, आणि सिमोनाच्या तळव्याखाली चुण्यांचा डोंगर. तिला सांगितलं असतं, वन्सं, तुमचा हात गेला, तर ती तिथेच खुंट उपटून उठली असती आणि पुन्हा कधी बसली नसती. ताणा दुसऱ्या कुणाकडून लावून घेणं तिला मरणाहून वाईट. आणि लग्न तोंडावर आलेलं.

मग मी हात सैल सोडला. तिच्याइतकाच. सैल ताणा चालतो. आमचा माग कमरेला पट्ट्याने बांधतात, त्यामुळे ताणा मागावर चढला की मागे रेलून तो ताणता येतो, आणि तिची कंबर अजून दगडासारखी होती. फक्त सगळे धागे सारखे सैल हवेत. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! तिचा हात एकदा कमी थरथरायचा, एकदा जास्त. प्रत्येक वळशाला तिचा धागा बोटाने चाचपून मला तेवढंच ओढायचं होतं. माझी पाठ धरली, डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाईसाहेब?

"लोरेन्सा! जेवून नाही आलीस का? हा धागा आहे की शेवाळ?"

"ओढते, वन्सं."

"ओढते म्हणे! म्हातारी झालीस तू! हात गेला तुझा!"

एवढ्या मोठ्याने, की भिंतीवर हिलारियाचं डोकं उगवलं. "काय झालं, लोरेन्सा?"

"काही नाही," मी दात आवळून म्हणाले.

"काही नाही कसं? हिचा हात गेलाय," सेनोबियाने माझ्यासाठी उत्तर दिलं. चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या हातात तेव्हा गुंडा होता. तो तिच्या डोक्यावर मारावा असं मला फार वाटलं. मी तो तिच्या मांडीत टाकला, अगदी हळू, तिला झेलता यावा म्हणून. संध्याकाळपर्यंत माझा हात गेल्याची बातमी पाणवठ्यावर पोचली होती.

पुढे नक्षीचे धागे उचलायला विल्मा आईजवळ बसली आणि शाल वेळेत उतरली. लग्नात ती पसरली गेली. सिमोना गुडघ्यांवर बसली आणि तळवा फिरवायला लागली, या काठापासून त्या काठापर्यंत, मग उलट. विल्माने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. सिमोनाने शेवटी शाल उचलली, झटकली आणि विल्माच्या खांद्यांवर घातली. बोलली काहीच नाही, आणि तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात माझी नणंद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "विहीणबाई, ताणा लावताना हाल झाले हो माझे. भावजयीचा हात सुटलाय. पण मी सांभाळून घेतलं."

लोक हसले. हिलारिया सगळ्यांत जास्त हसली. मी उभी राहायला लागले, पण मेलितोनने चिचाचा पेला माझ्या हातात कोंबला आणि कानात म्हणाला, "पी. आज नको." मी मक्याची ती आंबट दारू पाण्यासारखी घटाघट प्यायले आणि तरी माझ्या अंगाची आग होतच राहिली.

पण मार तर पुढेच होता. पेरणीआधी मला मेलितोनच्या पोंचोसाठी, म्हणजे डोक्यातून घालायच्या घोंगडीसाठी, ताणा लावायचा होता. हिलारियाला विचारलं, तिची मेंढी व्यायला झाली होती. दिवे लावणाऱ्याच्या बायकोची दाढ दुखत होती. तिसरीने तर तोंडावर सांगितलं, "मावशी, राग मानू नका, पण चुण्या आल्या तर नाव माझं जाईल." ज्या बायकांच्या घरी मी वर्षानुवर्षं बसले, त्या बायका! मी घरी येऊन पातेलं आपटलं. मेलितोन म्हणाला, "सांगून टाक ना सगळ्यांना खरं." मी म्हणाले, "म्हणजे सिमोना उद्याच विल्माला ऐकवेल की तुझ्या आईचा हात कापतो. तू सांग हवं तर." तो अल्पाका घेऊन डोंगरावर गेला.

मी अंगणात एकटीच खुंट ठोकत बसले, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. फाटक वाजलं. सेनोबिया आत आली. या बाईला आजवर बोलावूनसुद्धा ती माझ्याकडे वेळेवर आलेली नव्हती, आणि आज न बोलावता आली. समोरच्या खुंटापाशी बसली. हात शालीखाली होता. तो तिने बाहेर काढला आणि मला दिसेल असा गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत होता.

"मी ओढीन तेवढंच ओढ," ती म्हणाली, हळू आवाजात. "मागच्या वेळेसारखं."

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं. भिंतीवर हिलारिया असताना, लग्नात, अख्ख्या गावासमोर, सगळं ठाऊक असताना! मी तोंड उघडलं. आता बोलायचं, सगळं बोलायचं, असं मी ठरवलं. पण तेवढ्यात तिने गुंडा फेकला. तो अर्ध्या वाटेवरच पडणार होता, म्हणून मला पुढे झेपावून झेलावा लागला.