कूलरभाऊंचा शेवटचा अल्बम

कूलरभाऊ गिटार लावायचे ते कूलरवर. दुकानातला जुना पत्र्याचा कूलर तीन नंबरवर सुरू करायचा, त्याच्या घरघरीला कान द्यायचा आणि तारा पिळायच्या. संध्याकाळी व्होल्टेज पडले की पंखा मंदावे आणि पट्टी उतरे. मग सगळे थांबून तारा सैल करत. "बिजली आपल्या बँडात आहे गा," भाऊ म्हणत, "फक्त प्रॅक्टिसले येत नाही."

महाल भागात त्यांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो पंपाची जळालेली मोटर घेऊन. आत भाऊंची गिटार, कामठीच्या मुन्नाचे ड्रम आणि तो कूलर असे तिघे वाजत होते. मला संगीत कळत नाही, पण चुकीचा आकडा खटकतो. गाणे थांबल्यावर मी म्हणालो, "तुम्ही तीनदा सतरा मात्रा वाजवल्या आणि चौथ्यांदा सोळा."

भाऊंनी मला नखशिखान्त पाहिले. "मोजता येते तुले? मंग बस."

मी बसलो तो बारा वर्षे. त्यांच्यासमोर लाकडी स्टुलावर बसून बोटांनी मात्रा दाखवणे हे बँडमधले माझे काम. मला 'गणित' हे नाव पडले. पंपाची मोटर मिळायला मात्र एकोणीस दिवस लागले.

आमचे पहिले दोन अल्बम किती जणांनी ऐकले, हा आकडा माझ्याकडे नाही, म्हणून लिहीत नाही. एका कार्यक्रमात मात्र मी माणसे मोजली होती. सुरुवातीला एकेचाळीस, मध्यंतरानंतर चौदा. मला वाटले, भाऊ खट्टू होतील. ते खूश! "सत्तावीस जणाइले समजलं, म्हणून गेले. हे चौदा अजून विचार करून राहिले."

मोटरींच्या आवाजात आयुष्य काढून भाऊंचा डावा कान गेला. उजवाही वर्ष-दीड वर्षात जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला चहा पाजला, तेव्हाच मी समजलो की काहीतरी गंभीर आहे. "एक अल्बम करू. शेवटचा," ते म्हणाले. "कान आहे तोवर मले तो पुरा ऐकाचा आहे."

"कान आहे तोवर काही चांगलं ऐकून घ्या ना, भाऊ," मुन्ना म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने भाऊच हसले.

मे महिन्यात धरमपेठेतला एक स्टुडिओ तीन दिवसांसाठी घेतला. भाऊ हातगाडीवर कूलर घेऊन हजर. रेकॉर्डिंग करणारा तरुण दारातच आडवा आला. "काका, आत एसी आहे."

"एसी तुमच्यासाठी. हा आमच्यासोबत वाजवते."

त्याला ते पटले नसावे, पण त्याने वाट दिली. मी मोजून सहा बादल्या पाणी भरले, कारण कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारे पाणी दुसऱ्या गाण्यात हवे होते. शेवटच्या गाण्याच्या अखेरीला भाऊंनी कूलर बंद केला आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही हलू दिले नाही. अठ्ठेचाळीस सेकंद. मुन्नाला शिंक येत होती, ती त्याने एकावन्नाव्या सेकंदाला दिली.

आठ दिवसांनी ऐकायला बोलावले. भाऊंनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. पहिले गाणे सुरू झाले असावे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी आवाज वाढवायची खूण केली, पुन्हा वाढवायची केली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मस्त झालं," ते हळूच म्हणाले. मग हेडफोन माझ्याकडे सरकवला. "गणित, खरं सांगजो. कूलर कसा वाजून राहिला?"

मी पूर्ण गाणे ऐकले. अंदाजे बोलायची मला सवय नाही. "भाऊ, गिटार आहे, ड्रम आहेत. कूलर नाही."

"नाही?"

"अजिबात नाही."

"तुलेही येऊन नाही राहिला ऐकू?" भाऊ खुर्चीवरून उठले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. "म्हणजे कान शाबूत आहे बे माझा!"

तो तरुण कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "सगळी घरघर साफ केली, काका. चार रात्री लागल्या."

भाऊंनी त्याचा गालगुच्चा घेतला. "लेका, आमचा गायकच पुसून टाकला तू!" मूळ रेकॉर्डिंग सुदैवाने जपलेले होते. कूलर परत आला, शिंक काढली नाही, आणि भाऊंनी तो अल्बम उजव्या कानाने पुरा ऐकला. एकदा नाही, माझ्यादेखत नऊ वेळा.

आता तो कानही गेला आहे. बँड थांबला, पण आम्ही दोघे अजून बोटांनीच बोलतो. दर एप्रिलमध्ये भाऊ माझ्या घरच्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावायला येतात. यंदा काम झाल्यावर त्यांनी कूलर तीन नंबरवर केला, पत्र्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटून उभे राहिले. अल्बममध्ये वाजला तो कूलर आता माझ्याकडे असतो.

"पट्टी उतरली आहे गा," ते म्हणाले. "तेल टाक."

ते गेल्यावर मी अल्बम लावून ताडून पाहिले. उतरली होती.