चौथ्या मजल्यावरचा हात

पूनम सागरमधल्या आमच्या चार मजली बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे गेले होते. पालीच्या किनाऱ्यावर उन्हातान्हात मासळी वाळवत वाढलेली बाई चौथ्या मजल्यावर अडकून पडली होती. तिला एकदा पालीला जाऊन भावाच्या ओट्यावर बसायचं होतं, एवढंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय आला, तेव्हा तिनं सही करून मला चिठ्ठी दिली, माझ्या वतीनं मुलगी मत देईल.

खाली कंपाउंडमध्ये सेक्रेटरीनं ती धड वाचलीसुद्धा नाही. प्रॉक्सी चालत नाही, मेंबरनं स्वतः हजर राहायचं, नियमच आहे म्हणाला. मी म्हटलं, जिना उतरता येत नाही म्हणूनच तर लिफ्ट हवीये. लोक हसले. सगळ्यांच्या खुर्च्या उलथवून टाकाव्यात असं मला वाटलं.

हात वर करायची वेळ आली, तेव्हा आईनं गॅलरीतून हात वर केला. सेक्रेटरीनं मान वर करून पाहिलं.

"माताजी, नीचे आना पडेगा."

"मी हाय ना इथं," आई वरून म्हणाली. "दिसत न्हाय?"

त्याला दिसत होतं. त्यानं मोजला नाही. विरोधात मात्र तळमजल्यावरच्या दुकानदारानं दोन्ही हात वर केले, एक स्वतःचा आणि दुसरा दुबईतल्या भावाच्या फ्लॅटचा. ते दोन्ही मोजले गेले. मी भांडले, तर सेक्रेटरी म्हणाला, "घर का मामला है." एका मतानं ठराव पडला. मी रोज चढतोच की, असं अध्यक्ष उठताना म्हणाले. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात.

आई त्यानंतर एकदाच खाली उतरली, चौघांच्या खांद्यावरून. त्या दिवशी जिन्यात हात द्यायला सगळे आले होते, दुकानदारसुद्धा. पालीला जायचं राहिलंच.

फ्लॅट आता माझ्या नावावर आहे. मेंबर म्हणून पहिल्याच मीटिंगला गेले, तर पुन्हा लिफ्टचाच विषय. अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. या खेपेला कोणाचीच हरकत नव्हती, दुकानदाराचे दोन्ही हात बाजूनं. माझा हात मांडीवरच राहिला. आता कोणासाठी उचलायचा तो? सेक्रेटरीनं सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली, माझ्यावरूनही, आणि लिहिलं, सर्वानुमते मंजूर.