दोन फुटांचं जोतं

कामोठ्यात पाणी साचतं म्हणून मुलीच्या शाळेचं जोतं दोन फूट उंच बांधलंय. तिचा आठवीचा वर्ग तळमजल्यावरच, पण व्हीलचेअर पायऱ्या चढत नाही. दोन शिपाई तिला खुर्चीसकट उचलायचे. शाळेत येताना, जाताना आणि मधे बाथरूमला जायचं तरी, कारण ते मैदानापलीकडे. तेरा वर्षांची मुलगी. तिनं शाळेत पाणी पिणंच सोडलं. बाटली भरलेली न्यायची, भरलेलीच आणायची. लघवीला जळजळ होऊन ताप चढला तेव्हा ते आम्हाला कळलं.

मी मुख्याध्यापकांना भेटलो.

"उचलतात ना रोज? मग टेन्शन कसलं?"

मी रॅम्प मागितला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे इथे चोवीस. टेप लावून दाखवलं, तो थेट सरांच्या गाड्या लागतात तिथवर गेला.

"अहो, तुम्ही फारच हिशेबी! मग आमच्या गाड्या काय डोक्यावर लावू?"

ऑफिसातले सगळे हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

रॅम्प झाला आठ फुटांचा, वर चकचकीत लादी. मुलीनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अर्ध्यावरून मागे आली. तरी उद्घाटन ठरलं. फीत, नारळ, फोटोग्राफर, पालक.

सरांना फोटोचा सोस. मी अगदी नम्रपणे म्हणालो, "सर, तुम्हीच हिच्या खुर्चीत बसून वर गेलात तर काय फोटो येईल!"

बसले की! मांडीवर नारळ घेऊन. मुलगी बाजूच्या बाकावरून म्हणाली, "सर, दोन्ही चाकं सारखी ढकला हां."

दोन हिसक्यांत ते मध्यापर्यंत गेले आणि खुर्ची मागे घसरायला लागली. मी मागे उभा होतोच. पडू दिलं नाही. ढकललंही नाही.

"अहो, ढकला ना!"

"शिपायांना बोलावू का सर? रोज उचलतात."

नारळ सुटला तो गडगडत थेट त्यांच्याच गाडीखाली. पालक हसले.

"तो कॅमेरा बंद कर आधी!" सर ओरडले.

मी घाई केली नाही. शेवटी शिपायांनी त्यांना उचललं. सर हवेत, पाय लोंबकळतायत, कान लालबुंद. मी डोळे भरून पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो रॅम्प फोडला. नवा चोवीस फुटांचा, खरखरीत, दोन्ही बाजूंना कठडा. गाड्या गेल्या बाहेर रस्त्यावर.

बायको म्हणते, "झालं ना काम? आता सोडा की."

सोडत नाही. पालकसभेला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसतो. सर माझ्याकडे बघायचं टाळतात, आणि मला बरं वाटतं.

संध्याकाळी मुलगी आली की मी आधी तिची बाटली उचलून बघतो. रिकामी असते.