आतला अंगठा

डिंकमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारलीत, तर कोणाला बोलावताय म्हणून तीच मागे वळून बघेल. वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत फुटकी मडकी जोडता जोडता बोटांना डिंकाचा असा वास बसला होता, की घरी सून म्हणायची, "आई, कणीक मी मळते, तुम्ही बसा." मावशीला तेवढंच हवं असायचं!

जमिनीतून निघालेल्या खापऱ्या ट्रे भरभरून यायच्या. त्या ब्रशने धुवायच्या, वाळवायच्या आणि कोणाची कड कोणाला बसते ते बघत राहायचं. लग्नं जुळवण्यासारखंच काम. फक्त खापऱ्या खोटं बोलत नाहीत.

तिची एक खोड होती. मडक्याला धरायचा कान लावताना घडवणारा बाहेरून कान दाबतो आणि आतून अंगठ्याचा टेकू देतो. भट्टीत भाजल्यावर तो ठसा आत कायमचा राहतो. असा ठसा दिसला, की मावशी त्यात आपला अंगठा ठेवायची आणि विचारायची, "काय गं बये, बरी आहेस ना?" कधीच्या काळी मेलेल्या बायकांशी हिची अशी घसट!

"मावशी, एखादी 'हो' म्हणाली तर?" दारावरचा रखवालदार चिडवायचा.

"म्हणाली तर तुला चहा आणायला धाडीन. तिघांचा."

एका दुपारी मोठ्या बाई एक मडकं छातीशी धरून आल्या. मोठ्या बाई म्हणजे उत्खननाच्या प्रमुख; मातीचं ढेकूळ हातात दिलं तरी वय सांगतील अशा. खोदकामाच्या टेकडीपाशी सापडलं म्हणून कोणीतरी ते मडकं आणून दिलं होतं.

"माती जरा जास्तच चिकटलीय, मला खटकतंय," बाई म्हणाल्या. "पण आत बघा ना मावशी. अंगठा उलटा आहे! कान लावणारा वेगळा, आतून टेकू देणारा वेगळा. समोरासमोर उभी दोन माणसं. मला तर वाटतं, नवराबायको." बाईंचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "खरं निघालं तर मधल्या कपाटात ठेवू, दिवे लावून. धुवून द्या, मग बोलू."

बाई गेल्या. मावशीने सवयीने आत अंगठा घातला. "काय गं बये, बरी..."

अंगठा नुसता बसला नाही, रुतला. सुरीने कापल्याचा तिच्या अंगठ्यावर एक तिरका वण होता. मातीत तशीच तिरकी खाच होती. वण तिच्यात जाऊन बसला, घरचा असल्यासारखा.

मानेवरून काहीतरी गार सरकलं. खोलीत घरघर ऐकू यायला लागली. मावशीने वर पाहिलं. पंखा बंद होता.

मावशीचा नवरा कुंभार. संग्रहालयातल्या मडक्यांच्या नकला करायचा, दारात विकायला. कोणी नक्कल जुनी म्हणून खपवू नये म्हणून प्रत्येकीच्या बुडाला शिक्का मारायचा. एक मडकं मात्र त्याने बायकोसाठी केलं. कान लावताना म्हणाला, "आतून दाब. तशी नाही, समोर ये. माझं तोंड दिसू दे की तुला."

"बघितलंय खूप," मावशी म्हणाली होती. "आणि शिक्का?"

"घरच्याला कसला शिक्का?"

तो गेला आणि त्याच्या रिकाम्या खोलीतून चाक फिरल्याची घरघर ऐकू येऊ लागली. मावशीला सोसेना. तिने चाक, साचे आणि ते मडकंसुद्धा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. आवाज थांबला होता. आता हा, घालवून दिलेल्या माणसाने पत्ता विचारत यावं तसा, अंगाला माती फासून समोर येऊन बसला होता.

तिने मातीवर पाण्याचा थेंब सोडला. जमिनीतली माती विरघळते. ही चिकट झाली. वास आला. डिंक! मडकं जुनं दिसावं म्हणून कोणा लबाडाने डिंकात कालवून माती फासली होती, आणि वास ओळखायला बसली होती डिंकमावशी.

गप्प बसलं तर? नवरा मधल्या कपाटात, दिव्यांखाली, हजारो वर्षांचा होऊन बसेल. बोललं तर मडकं बनावट मालाच्या फडताळावर जाईल, आणि लोक म्हणतील, डिंकमावशीचा नवरा फसवायचा. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येते का?

विचारावं कोणाला, म्हणून तिने ट्रेमधली जुनी खापरी उचलली आणि ठशात अंगठा ठेवला. रोजचा प्रश्न काही तोंडातून निघेना. पलीकडून कोणीतरी आपला अंगठा अलगद काढून घेतल्यासारखं वाटलं. दुसरी खापरी घेतली. तिथेही कोणी नव्हतं.

मावशी उठली आणि मडकं घेऊन बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, दोन माणसं होती हे बरोबर आहे. नवराबायकोच."

"तुम्हाला कसं..."

मावशीने अंगठा आत ठेवून दाखवला. बाईंनी वाकून आत पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आणि बाहेर?"

"बाहेर तो. हे घरचं होतं बाई. मीच भंगारात दिलं. माती त्याने नाही लावली."

"ते मला सांगावं लागतं का? त्यांनी विकायला दिलेला एकही नग बिनशिक्क्याचा नव्हता." बाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता."

"नाही तर काय! हजारो वर्षांनीच तेवढा चुकला."

दोघी हसल्या. हसू एकदमच थांबलं.

"मावशी, ते घरी नाही देता येणार. फसवणूक कशी दिसते ते नव्या लोकांना दाखवावं लागतं. फडताळावरच राहील."

"राहू दे. निदान माझ्या पाठीशी राहील."

फडताळ तिच्या खुर्चीमागेच आहे. जुन्या बायका बोलावल्या की पुन्हा येतात. त्यांची विचारपूस झाली, की निघताना मावशी त्या मडक्यात अंगठा घालते. मग तिची उरलेली बोटं आपोआप बाहेर कानापाशी पडतात, जिथे त्याच्या बोटांचे खळगे आहेत. हिवाळ्यातही ते गार नसतात.

"मावशी, पंखा बंद करा, घरघर ऐकू येतेय," रखवालदार दारातून ओरडतो.

"करते हं," मावशी म्हणते, आणि बंद पंख्याखाली आणखी थोडी उभी राहते.