वासूचा वर गेलेला हात

मंडळी, महिना संपला. जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कविता पुन्हा वाचल्या, राजकारणाच्या बातम्या बघणं सोडलं, काळूने माझी एक चप्पल खाल्ली. एवढंच लिहिणार होतो. पण आज सकाळी सोसायटीची मीटिंग झाली आणि अजून विश्वास बसत नाहीये.

विषय होता माझा कुत्रा काळू. ठेवायचा की घालवायचा? घालवा म्हणून पहिला हात वर गेला तो वासूचा.

वासू माझा गोडदेव गावातला बालमित्र, आता याच सोसायटीत राहतो. इंग्रजांच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, गावातली कुत्री मारायचा हुकूम निघाला होता. तेव्हा आमच्या भुऱ्याला आम्ही दोघांनी मिठागरात, मिठाच्या राशीवर झाकलेल्या गवताखाली दडवलं. शिपाई आला आणि भुऱ्या कुंईकुंई करायला लागला. मग आम्ही तिथेच बसून शाळेतल्या कविता ओरडून म्हटल्या. कविता संपल्या तेव्हा पाढे. शिपाई "शाब्बास" म्हणून निघून गेला.

आज मी विचारलं, "वासू, भुऱ्या आठवतो ना?"

"आठवतो रं. पन तवा मिठागर होतं, आता लिफ्ट हाय. नातू भितो माझा."

भर मीटिंगमध्ये मी मिठागरात म्हटलेल्या एका कवितेची पहिली ओळ म्हटली. वासूने पुढची ओळ अचूक म्हटली, डोळेही पुसले. हात मात्र खाली घेतला नाही.

काळूला हलवायला रविवारपर्यंत मुदत आहे. काळू माझ्या पायाशी झोपलाय. गावाकडच्या, उत्तन-तारोडीच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कुणाकडे अजून अंगण उरलंय का?