हलका कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही, आणि नातीला तर मुळीच नाही, ती लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करील. तुम्हाला सांगते. हसलात तरी चालेल, मीही हसतेच आहे.

मी डिझायनर होते. कानाच्या कडेवरून अडकवायच्या यंत्रांची एक अख्खी मालिका मी काढली — गाण्यांसाठी, फिरायला जाताना घालण्यासाठी, आणि म्हाताऱ्यांना नीट ऐकू यावं म्हणून कानामागे बसणारं एक. वजनाला इतकी हलकी, की मालिकेचं नाव मी ठेवलं 'हलका कान'. कंपनीचे साहेब दिल्लीकडचे; त्यांना फार गोड वाटलं. लोणावळ्याच्या दुकानदारानं डबी उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, हे घातल्यावर माणूस कुणाचंही ऐकतो का?" काय सांगू — डिझाइनची पदवी होती, मराठीची अक्कल नव्हती.

म्हाताऱ्यांसाठीचं पहिलं यंत्र सासूबाईंना दिलं. त्या आंदर मावळातल्या. राहायच्या आमच्याकडे लोणावळ्यात, पण दर आठवड्याला एसटीनं गावी जाऊन मैत्रिणींशी गप्पा मारून यायच्या. कानांच्या वरच्या कडेला बुगड्या. यंत्र आणि बुगडी एका कानावर मावेनात, तर त्यांनी बुगड्या काढल्या. लग्नापासूनच्या! माझ्या यंत्रासाठी.

आणि यंत्र चाललं — तोच तर घोटाळा झाला. मी स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलताना सासूबाईंची नक्कल करत होते, अगदी रंगात येऊन. संध्याकाळी भात कालवता कालवता त्या शांतपणे म्हणाल्या, "नक्कल बरी करतीस गं. पर मी नाकातनं बोलत न्हाई."

नवऱ्याला ठसका लागला. आणि मला?

यंत्राच्या झाकणाखाली एक बारीक स्क्रू असतो, आवाज किती मोठा व्हावा ते ठरवणारा. मीच योजलेला. सेल बदलताना मी तो — फिरवला. फार नाही, फोनवरचं ऐकू जाणार नाही इतपत, अशी स्वतःची समजूत काढली. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, यंत्र ठीक आहे, तुमचे कानच आणखी मंद झालेत.

भाजीवाल्याचा काटा दोनदा बघणारी बाई ती. कुणाच्या बोलण्यावर विसंबली नाही कधी. माझ्या त्या एका वाक्यावर विसंबली. हलक्या कानाची झाली ती एकदाच, माझ्यापुरती.

मग त्यांनी गावी जाणं सोडलं. लोकांना तेच तेच परत बोलायला लावायची लाज वाटते, म्हणाल्या. गॅलरीत बसून भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या बघत राहायच्या. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. स्क्रू पुन्हा फिरवायला कितीसा वेळ लागतो? चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा नाही. पण अचानक ऐकू कसं आलं, असं त्यांनी विचारलं असतं तर?

शेवटी फिरवला. आणि तेच यंत्र नव्या डबीत घालून दिलं — नवं मॉडेल म्हणून! त्यांनी कानाला लावलं. स्वयंपाकघराकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "कुकर फुसफुसतोय. शिट्टी व्हईल आता." झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावी. सुनेनं मला कान दिलं, असं आळीभर सांगून आल्या, आणि आल्या आल्या बुगड्या माझ्या हातावर ठेवल्या. "घे. माज्या कानाला आता तुजं यंत्र हाय."

तेव्हा सांगणार होते. खरंच, तोंड उघडलं होतं मी. आणि त्या उघड्या तोंडातून काय निघालं? टोचताना दुखेल का हो, फार?

हात धरून त्याच मला सराफाकडे घेऊन गेल्या. दुखलं.

आता त्या नाहीत. असेपर्यंत मी सांगितलं नाही. बुगड्या माझ्या कानांत आहेत, आणि आयुष्यभर केलेल्या यंत्रांपैकी एकही या कानांवर बसत नाही.