टेकला की पाऊण फेरा

आम्हा नवराबायकोचं जोडीनं झालेलं शेवटचं काम म्हणजे ट्रॅक्टरचं ऑइल बदलणं. पाडव्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, घरामागच्या पत्र्याच्या शेडात. इंजिन थोडं चालवून कोमट करून घेतलं, म्हणजे जुनं ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. मी खाली आडवा होऊन नट काढला, अनसानं घमेलं सरकवलं, आणि काळं ऑइल धार धरून पडायला लागलं. अनसा म्हणजे अनसूया, माझी बायको. दर वेळी ती घमेल्याच्या काठाशी उकिडवी बसून त्या धारेत बोट घालायची, दोन बोटांत चोळून बघायची, मग माझ्याकडं बघायची. खर, म्हणजे बारीक कच, लागली की म्हणायची, "उशीर केला तुमी." त्या दिवशी तिनं बोट घातलं नाही. मी ते बघितलं आणि म्हटलं बरं झालं, आज ऐकून घ्यावं लागलं नाही. मग तिनं नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला नवं ऑइल लावलं, कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि इंजिनाच्या खबदाडात हात घालून फिल्टर फिरवायला लागली. मधेच थांबली. म्हणाली, "हातात जोर न्हाय आज. तुमी बघता का जरा?" मी म्हटलं, "जोर न्हाय म्हणं! आन् माझा पंजा काय मावतोय तितं? एरवी तूच 'व्हा बाजूला' म्हणतीस, मग आता म्हातारपणी मला काय हात बदलून मिळणार हाय?" ती हसली. परत हात घातला. मी विचारलं, "झाला का पाऊण फेरा?" ती म्हणाली, "झाला... असंल."

हे "असंल" मी ऐकलं आणि सोडून दिलं. एवढ्या वर्षांत फिल्टरच्या कामात तिच्या तोंडून "असंल" कधी आलं नव्हतं. झाला म्हणजे झाला, नाही तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगणार आहे, पण आधी ती कोण होती ते कळू द्या, नाही तर त्या "असंल"चं वजन कुणाला कळायचं नाही.

ट्रॅक्टर आम्ही लासुर्ण्याच्या एका माणसाकडून जुना घेतला. आमची डाळिंबाची बाग थोडकी, म्हणून मी शेळगाव, कळस, पार इंदापूरच्या अंगापर्यंत लोकांची रानं भाड्यानं करायचो. मी चौथी शिकलेला माणूस. यंत्राचं काही कळत नव्हतं, पण कळत नाही म्हणायची लाज होती. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा फिल्टर मी साखळीच्या पान्यानं आवळला, अंगातला सगळा जोर लावून. कळसच्या रानात अर्धं वावर झालं आणि ऑइलचा दिवा लागला. खाली वाकून बघतो तर फिल्टरच्या कडेनं ऑइल उडून सगळं इंजिन काळंभोर. रशीदभाई फिटरला बोलावलं. त्यानं फिल्टर काढला, चिरलेलं रबरी कडं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यो फिल्टर हाय, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव न्हाय ठोकून बसवायला. हातानं फिरवायचा. टेकला की पाऊण फेरा, बास. बरणीचं झाकण लावत्यात तसं." अनसा माझी भाकरी घेऊन आली होती, बांधावर उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "मग त्ये काम माझं हाय. ह्यांनी जन्मात झाकण लावल्यालं न्हाय, काढतात नुसतं." तिचा बारका हात त्या खबदाडात बरोबर गेला. टेकला, पाऊण फेरा, बाहेर. रशीदभाई म्हणाला, "वहिनी, ग्यारेजात येता का कामाला?" ती म्हणाली, "मी आले तर तुमचं गिऱ्हाईक कमी हुईल." त्यानंतर तो साखळीचा पाना तिनं शेडाच्या आढ्याला उंच टांगला, आणि मला बजावलं, "त्याला हात लावायचा न्हाय." मीही लावला नाही... त्या एका सकाळपर्यंत.

फिल्टर कुठला घ्यायचा हेही तिनंच ठरवलं. बारामतीच्या दुकानात एकदा मी स्वस्तातला घेतला. खोका तसाच, रंग तसाच, फक्त खोक्यावरची अक्षरं जरा फिकी. घरी आणला तर हिनं हातात घेऊन तोलला आणि म्हणाली, "हलका हाय." मी खेकसलो, "फिल्टर हाय का टरबूज?" तरी तिनं रशीदभाईकडनं दोन्ही फिल्टर करवतीनं कापून घेतले, जुना काढलेला खरा आणि हा नवा खोटा. आतला कागद घड्या घातलेला असतो, कचरा त्याच घड्यांत अडकतो. खऱ्यात घड्या दाट, एकसारख्या. खोट्यात चार बोटांवर एक, आणि खाली फट. अनसानं दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाली, "ह्या निऱ्या बघा, आन् ह्या बघा. असं लुगडं नेसून कोण चारचौघात जाईल का? आन् तुमी इंजिनाला नेसवायला निघाला व्हता." रशीदभाई हसून हसून खाली बसला. पुढं त्याच्याकडं कुणी स्वस्त फिल्टर मागितला की तो म्हणायचा, "आमच्या वहिनीला निऱ्या दाखवून आणा आधी." डिझेलचा असो नाहीतर ऑइलचा, खात्रीच्या दुकानातला आणि खोक्याचं सील शाबूत असलेलाच आमच्या घरात यायचा. हवेच्या गाळणीची वाटी तर ती माझ्या भरवशावर सोडायचीच नाही. रोटाव्हेटर मारून आलो की माझ्या आधी ती वाटी उघडायची. खाली मातीचा थर दिसला की रॉकेलनं धुऊन, नवं ऑइल भरून परत.

आता किती दिवसांनी बदलायचं हा आमचा कायमचा वाद. पुस्तकात अडीचशे तास लिहिलेलं होतं, पण आमच्या ट्रॅक्टरचं तासाचं घड्याळ आम्ही घ्यायच्या आधीच बंद पडलेलं. मी म्हणायचो, चाललंय की, अजून एवढं एक रान होऊ दे. ती म्हणायची, कोरड्या रानात धुरळा खाल्लाय, पुस्तकाला तुमच्या धुरळ्याचं काय म्हाईत? मग तिनं सणांवर टाकलं. बेंदूर, दसरा, संक्रांत, पाडवा. आमच्या दारात बैल राहिले नाहीत, पण बेंदराला ट्रॅक्टर धुवायचा, ऑइल बदलायचं, नवा फिल्टर लावायचा, आणि मग बॉनेटला हार घालून पुरणपोळी दाखवायची. लोक हसायचे. शेजारचा म्हणायचा, "अनसावहिनी, पोळी खातोय का तुमचा बैल?" ती म्हणायची, "खात न्हाय म्हणून तर बघावं लागतंय. बैल बसतो, लंगडतो, आपल्याला कळतं. ह्याला काय हुतंय ह्यो कुठं सांगतोय?"

ती स्वतःही काही सांगायची नाही. आणि मी विचारायचो नाही, हे खरं.

घरात तिच्या हाताची एक चेष्टा होती. तिनं लावलेलं बरणीचं झाकण दुसऱ्या कुणाला निघायचं नाही. सून मंगल लोणच्याची बरणी घेऊन मुलाकडं जायची, संपतकडं. त्याला निघालं नाही की माझ्याकडं. मी फडक्यानं धरून, लाल होऊन काढायचो, आणि अनसा चुलीपुढनं म्हणायची, "इंजिन आवळणारी बाई हाय, सोपं वाटलं व्हय?" त्या आठवड्यात, पाडव्याच्या दोनतीन दिवस आधी, मंगल जेवताना हसून म्हणाली, "आई, आज झाकण पहिल्या झटक्यात निघालं. मला पण जोर आला म्हणायचा." सगळे हसलो. अनसाही हसली. तिनं उजवा हात पदराखाली घेतलेला होता, हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं असेल, पण बघितलं नाही.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती एका अंगावर कलली. तोंड वाकडं झालं, उजवा हात मांडीवर पडला तो उचलेना. संपतनं गाडी काढली, बारामतीला नेलं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं शांतपणे विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का, बाबा? हाताला मुंग्या, पकड सैल होणं, वस्तू हातातून सुटणं?" संपत माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "न्हाय. काय न्हाय." डॉक्टर म्हणाला, कधी कधी दोनचार दिवस आधी खूण मिळते, तेव्हा आणलं तर बरं असतं. मग तो तिच्याकडं वळला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. नाही म्हणालो, कारण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता... मग तुम्ही काय केलंत? अनसा त्याच आठवड्यात गेली. शुद्धीवर आली नाही.

तेव्हापासून ट्रॅक्टर चालतोय, पण त्याच्या ऑइलला मी हात लावू दिलेला नाही. ऑइल मापायची पट्टी काढून बघितली, काळं झालंय. भाड्याची रानं संपतनं केली, धुरळा पोटभर खाल्लाय त्यानं. दोनदा संपत नवं ऑइल आणि फिल्टर घेऊन आला. दोनदा मी शेडाच्या दारात उभा राहिलो. तो चिडून म्हणाला, "आबा, इंजिन बसंल. आईनं एवढं जपल्यालं तुमी घालवणार का?" मी दारातनं हललो नाही. मग मंगलनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं, "आईंच्या हातचा शेवटचा फिल्टर हाय तो. त्यांच्यानं काढवत न्हाय." ते गावात पसरलं. पारावर एक जण म्हणाला, तात्यांची माया बघा. रशीदभाई भेटायला आला, त्याचे डोळे भरले, म्हणाला, "राहू द्या तात्या, अजून थोडं चालंल." मी मान खाली घातली. लोकांना ती माया वाटली. मी तसं वाटू दिलं.

इथपर्यंतचं मी पोरांच्या पाटीवरच्या अक्षरात लिहिलं, आणि मंगलनं सुधारून उतरवलं. बरणीच्या जागेवर तिचा हात थांबला. मी म्हटलं, ते खोड, तुझा काय दोष, तू हसण्यावारी बोललीस. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. मी पण तिथंच बसले व्हते." पुढचं मात्र तिनं अजून वाचलेलं नाही. आता वाचेल.

परवा बेंदूर आहे. मी संपतला सांगितलंय, नवा फिल्टर आण, खात्रीच्या दुकानातला, निऱ्या दाट असलेला. मंगलचा हात बारीक आहे, ती लावेल. टेकला की पाऊण फेरा, मी तिच्या शेजारी बसून सांगेन. पण आधी जुना काढावा लागेल, आणि तो हातानं निघणार नाही. अनसाच्या हातचा असता तर निघाला असता. संपत विचारेल, आईनं तर कधी पान्यानं आवळला नाही, मग हा एवढा कसा बसला? तेव्हा तोंड चुकवायला नको म्हणून इथं आधीच सांगतो.

पाडव्याची सकाळ होती. संपत गुढीची काठी धूत होता. मी मुहूर्ताची एक चक्कर रानात मारावी म्हणून शेडात गेलो. इंजिनाखाली फरशीवर ऑइल सांडलेलं होतं, ताज्या ऑइलचं, मधाच्या रंगाचं, भाकरीएवढं थारोळं. वर बघितलं तर फिल्टरच्या कडेला थेंब लोंबत होता. बोट लावलं, फिल्टर हलला. तिनं लावलेला फिल्टर, आणि माझ्या बोटानं हलला. तो थेंब मला सांगत होता, आणि मला राग आला. मी तसाच काळ्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "काय गं, फिल्टर आवळलाय का बोळा कोंबलाय? एवढं एक काम तुझ्याकडं हाय, त्ये पण धड हुईना?" ती पुरण वाटत होती, डाव्या हातानं. माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "आज सण हाय. त्वांड गोड ठिवा." मी परत शेडात गेलो, आढ्याचा साखळीचा पाना काढला, फिल्टरला घातला आणि जोर लावून पाव फेरा आवळला. थेंब थांबला. मग फरशी पुसली, हात पुसले, आणि ट्रॅक्टर चालू करून रानात गेलो.